लाल गाडी, काळं छत आणि मामाजींचा मोडता

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका तरुणाला नवी गाडी घ्यायची आहे: 1197 सीसीची पेट्रोल हॅचबॅक, रंग लाल, वर काळं छत. बायकोला रंग पसंत आहे, शोरूममध्ये गाडीही उभी आहे. पण सासऱ्यांनी, म्हणजे आपल्या विदर्भात ज्यांना मामाजी म्हणतात त्यांनी, मोडता घातला. लाल गाडीचा इन्शुरन्स महाग असतो आणि पोलीसही आधी लाल गाडीच अडवतात, असं त्यांचं म्हणणं. पुरावा घरातलाच. साडूने महिन्याभरापूर्वी हेच मॉडेल पांढऱ्या रंगात घेतलं आणि त्याचा प्रीमियम साडेआठ हजारांनी कमी आला. दोन्ही कोटेशनचे फोटो पाठवून या जावईबापूंनी विचारलंय: रंग बदलू का?

बदलू नका. गाडीच्या रंगावर विम्याचा हप्ता ठरत नाही. लाल, काळा, पांढरा, चंदेरी, कुठलाही घ्या. एवढ्यात उत्तर संपतं खरं, पण मग ते साडेआठ हजार गेले कुठे, हा प्रश्न उरतोच आणि खरी गंमत त्यातच आहे. शिवाय रंग हप्त्यात येत नसला तरी पुढे दाव्याच्या वेळी तो बरोबर हजर होतो. तेही सांगतो.

आधी माझं. मी विमा कंपनीच्या नागपूरच्या कार्यालयात पॉलिसी लिहायला बसलो तेव्हा संगणक एक आणि माणसं अकरा होती. टेबलावर मोटार टॅरिफचं पुस्तक असायचं आणि त्यात बोट फिरवून दर काढायचा. पुढे सर्व्हेअरचं, म्हणजे अपघातानंतर नुकसान मोजणाऱ्याचं, लायसन्स घेतलं आणि गेली वीसेक वर्षं ठोकलेल्या गाड्या बघण्यात गेली. म्हणजे हप्ता कसा ठरतो तेही पाहिलंय आणि पैसे कापले कसे जातात तेही.

2002 च्या त्या टॅरिफमध्ये खासगी कारचा, स्वतःच्या नुकसानीचा दर तीन गोष्टींवर असायचा: गाडीचं वय, इंजिनाची सीसी आणि नोंदणी कुठल्या झोनमध्ये. झोन दोनच. अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे हे झोन ए. उरलेला अख्खा देश झोन बी. उपराजधानी असलो तरी आपण बी मध्ये, आणि या एका बाबतीत त्याचं दुःख नाही, कारण बी चा दर कमी. 1000 ते 1500 सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झोन ए मध्ये 3.283 टक्के आणि झोन बी मध्ये 3.191 टक्के. हा दर लावायचा गाडीच्या आयडीव्हीवर. आयडीव्ही म्हणजे कंपनीने जाहीर केलेल्या किमतीतून वयानुसार घसारा वजा केलेली रक्कम: नव्या गाडीला 5 टक्के वजा, सहा महिने उलटले की 15, वर्ष उलटलं की 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50.

1 जानेवारी 2007 पासून हे दर मोकळे झाले. कंपन्या आता आपापल्या अनुभवावरून सूट देतात, पण हिशेबाची बैठक बऱ्याच ठिकाणी अजून तीच जुनी आहे: टॅरिफचा दर काढायचा आणि त्यावर पन्नास-साठ टक्के डिस्काउंट. त्या पुस्तकात रंगाचा रकाना कधी नव्हता. आजच्या सॉफ्टवेअरमध्येही दर काढताना रंग येत नाही. काही प्रपोजल फॉर्मवर रंग लिहायला जागा असते, ती गाडीची ओळख पटावी म्हणून.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, हप्ता तर कंपनीच्या हातातच नाही. तो केंद्र सरकार ठरवतं आणि सीसीवर ठरवतं. जून 2022 पासूनचे दर असे: 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 पर्यंत 3,416, त्यावर 7,897. नव्या कारला तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो, तुमच्या गाडीच्या गटात 10,640 रुपये. तुमच्या आणि साडूच्या कागदावर हा आकडा एकच आहे, पाहून घ्या.

आता ते साडेआठ हजार. ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची संरक्षणं, दोघांनीही सारखेच घेतलेत, ते बाजूला ठेवतो आणि मूळ हप्त्याची फोड करतो. साडूची गाडी मधल्या व्हेरिएंटची, किंमत 8 लाख 20 हजार, आयडीव्ही 7,79,000. तुमची टॉप मॉडेल, दोन रंगांची, किंमत 9 लाख 10 हजार, आयडीव्ही 8,64,500. 3.191 टक्क्यांनी त्याचा हप्ता 24,858 आणि तुमचा 27,586. फरक 2,728 रुपये. साडूने पॉलिसी बाहेरून काढली, त्याला 60 टक्के डिस्काउंट मिळाला. तुमचं कोटेशन शोरूमचं आहे, त्यात 50 टक्के. म्हणजे डिस्काउंट लागल्यावर त्याचे 9,943 आणि तुमचे 13,793. आणि आता साडूच्या कागदावर खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, ती मामाजींच्या नजरेतून सुटलेली दिसते: नो क्लेम बोनस 35 टक्के. त्याने जुनी गाडी विकली, त्या गाडीवर तीन वर्षं दावा केलेला नव्हता, तो बोनस त्याने नव्या गाडीवर आणला. 3,480 रुपये तिथे कमी झाले आणि हप्ता 6,463 वर आला.

वजाबाकी करा. 13,793 मधून 6,463 गेले, उरले 7,330. त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 8,649. जीएसटीआधीच्या 7,330 मध्ये बोनसचे 3,480, डिस्काउंटच्या दहा टक्क्यांचे 2,759 आणि वरचं मॉडेल घेतल्याचे 1,091.

रंगाचा वाटा? शोधूनच काढायचा तर एक धागा आहे. काळ्या छताच्या जोडरंगी गाडीला कंपनी 16,000 रुपये जास्त घेते आणि तो व्हेरिएंट वेगळा म्हणून नोंदलेला असतो. त्यामुळे आयडीव्ही 15,200 ने वाढला, त्याचे 3.191 टक्के म्हणजे 485, त्याचे निम्मे 243, जीएसटी धरून 286 रुपये. हे पैसे लाल रंगाचे नाहीत, वाढीव किमतीचे आहेत. पांढऱ्यावर काळं छत घेतलं असतं तरी तेवढेच लागले असते. आणि उद्या गाडी चोरीला गेली तर हेच 15,200 तुमच्या भरपाईत धरले जातील, तेव्हा ते वायाही गेलेले नाहीत. साध्या मेटॅलिक रंगाला शोरूम पाच-सात हजार वर घेतं, तो तर अनेकदा व्हेरिएंटच्या यादीत वेगळा दिसतही नाही, मग त्याचा हप्ता शून्य.

तुमचीही जुनी गाडी होती का? विकताना नो क्लेम बोनस विचारला होता का? बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तो नव्या गाडीला लागतो आणि ते पत्र तीन वर्षं चालतं. दरवर्षी कितीतरी लोक जुन्या गाडीबरोबर हा बोनस फुकटात सोडून देतात आणि घेणाऱ्याला तो मिळतही नाही. शोरूमवाला आपणहून विचारेलच असं नाही. आणि पॉलिसी शोरूममधूनच घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. बाहेरचं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा, डिस्काउंट कसा वाढतो ते बघा.

लाल गाडीची ही गोष्ट अमेरिकेतून आली. तिकडे लाल रंगाचा संबंध स्पोर्ट्‌स कारशी, स्पोर्ट्‌स कारचा वेगाशी, वेगाचा दंडाशी. लोकांनी तीन उड्या एकत्र करून रंगच महाग ठरवला. तिकडच्या विमा कंपन्याही दर ठरवताना रंग विचारत नाहीत. गाडीचा चेसिस क्रमांक सतरा अक्षरांचा असतो, त्यातून कंपनी, मॉडेल, वर्ष कळतं, पण रंग त्यात नसतो. इकडे ती समजूत मोबाइलवरून आली आणि मामाजींपर्यंत पोहोचली.

मग रंगाचा अपघाताशी काहीच संबंध नाही का? अभ्यास झालेत. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने 2007 मध्ये पांढऱ्या गाड्यांशी तुलना करून मांडलं की दिवसाच्या उजेडात काळ्या गाडीला अपघाताचा धोका सुमारे 12 टक्के जास्त, चंदेरीला 10, लालला 7. त्याआधी 2003 मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या अभ्यासात चंदेरी गाडीत गंभीर दुखापतीचा धोका पांढरीच्या निम्मा निघाला होता. एकीकडे चंदेरी जास्त धोक्याची, दुसरीकडे सगळ्यांत सुरक्षित. अशा आकड्यांवर कुठली विमा कंपनी दर लावेल? गाडी कोण चालवतं, कुठे आणि किती, यापुढे रंग बारीकच ठरतो. समृद्धीवर दुपारी दोनला डोळा लागलेल्या ड्रायव्हरला पांढरा रंग वाचवत नाही.

पण एक रंग आहे जो हप्त्यावर थेट बसतो. तो गाडीचा नाही, नंबर प्लेटचा.

पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी. पिवळीवर काळी म्हणजे भाड्याची, आणि तिचा हप्ता पूर्ण वेगळ्या तक्त्यातून. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं ही स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. हिरवी म्हणजे विजेवरची, आणि इथे हिरव्या रंगाला चक्क सवलत आहे: थर्ड पार्टीवर 15 टक्के. 30 किलोवॅटपर्यंत 1,780 रुपये, 30 ते 65 पर्यंत 2,904, त्यावर 6,712. तेव्हा मामाजींना सांगायचं झालं तर असं सांगा की रंगाने फरक पडतो, फक्त तुम्ही चुकीच्या पत्र्याकडे बघताय.

पांढऱ्या प्लेटचा एक प्रसंग सांगतो. ताडोब्याच्या रस्त्यावर एक सात सीटर झाडावर गेली होती. पांढरी प्लेट, खासगी पॉलिसी, नुकसान साडेतीन लाखांच्या वर. मालक म्हणाला, मित्राचं कुटुंब होतं, फिरायला घेऊन गेलो. सर्व्हेअरला जखमींचीही चौकशी करावी लागते, म्हणून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. पायाला प्लास्टर घातलेल्या एका आजींशी बोलत बसलो. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग त्या आपणहून म्हणाल्या, "बापू, चार हजार ठरले होते जायचे-यायचे. दोन आधी देले होते. बाकीचे आता द्या लागते का?" मी वही मिटली. मालक बाहेर चहा घेऊन उभा होता, त्याला काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. कंपनीने दावा नाकारला. पॉलिसीवर "वापराची मर्यादा" म्हणून एक कलम असतं, भाड्याने नेणं त्यात बसत नाही. अशा प्रकरणांत ग्राहक आयोगापर्यंत गेलेल्या काहींना तडजोडीने 75 टक्क्यांपर्यंत मिळालेत, पण त्याला वर्षं लागतात आणि मिळेलच अशी खात्री नसते. लग्नसराईत गाडी "देऊन" चार पैसे सुटतात असं वाटणाऱ्यांनी त्या आजी आठवाव्यात.

आता रंग जिथे खरोखर खिशाला लागतो तिथे येतो: गॅरेजमध्ये.

पॉलिसीतल्या अटींनुसार सुट्या भागांवर घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के, फायबरवर 30, काचेवर काही नाही, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. रंगासाठी नियम वेगळा आहे आणि तो कुणी वाचलेला नसतो. रंगाच्या बिलातल्या मटेरियलवर 50 टक्के कापायचे, मजुरीवर नाही. बिल एकत्र आलं तर त्याचा 25 टक्के भाग मटेरियल समजायचा. म्हणजे रंगकामाचं बिल 12,000 चं असेल तर मटेरियल 3,000 आणि कपात 1,500. ही कपात लाललाही तीच आणि पांढऱ्यालाही तीच. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं ॲड-ऑन, घेतलं असेल तर तीही होत नाही. याशिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात 1,000 रुपये तुमचे तुम्ही भरायचेच.

मात्र नियम सारखा असला तरी बिल सारखं येत नाही. साधा पांढरा, साधा लाल हे एका थरावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारून होतात. मोत्यासारखी झाक असलेल्या पांढऱ्याला आणि काही झळाळत्या लाल शेडना मध्ये आणखी एक थर लागतो. एका पॅनेलचं काम असलं तरी शेजारच्या पॅनेलवर रंग पातळ करत नेऊन मिसळावा लागतो, नाहीतर उन्हात दरवाजा एका रंगाचा आणि फेंडर दुसऱ्या रंगाचा दिसतो. कंपनी पैसे देते ठोकलेल्या पॅनेलचे. मिसळायच्या पॅनेलवरून गॅरेज, सर्व्हेअर आणि मालक यांची जी तिरंगी लढत होते ती मी आठवड्यातून दोनदा लढतो. काम सुरू व्हायच्या आधी, सर्व्हेच्या वेळीच हे लेखी मागून घ्या. रंग वाळल्यावर भांडून उपयोग नसतो.

यात नागपूरचं ऊन आहेच. 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 वर गेला होता, आणि 45 तर आपल्याला बातमीही वाटत नाही. गडद गाडी तापते जास्त. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 2011 मध्ये एकाच मॉडेलची काळी आणि चंदेरी गाडी उन्हात उभी करून मोजलं, तर काळीचं छत 25 अंशांपर्यंत जास्त गरम आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी. तुमचं छत काळं आहे, तेव्हा मे महिन्यात गाडीत बसताना बायको काय म्हणेल ते आत्ताच विचारून ठेवा. आणि लाल रंग उन्हात लवकर विटतो, हे गॅरेजवाले शपथेवर सांगतील. वाडीकडच्या एका गॅरेजात पाच वर्षांच्या लाल गाडीचा नवीन रंगवलेला दरवाजा बघून मी पेंटरला म्हटलं, शेड चुकली. त्याने कोडचं लेबल लावलेला डबा माझ्यापुढे धरला. "साहेब, कोड तं तोच हाये. पण पाच उन्हाळे खाल्लेला लाल डब्ब्यात कुठून आणू?" बरोबर होतं त्याचं. त्याने शेवटी चमच्याने काळ्याचे दोन थेंब, पांढऱ्याचा एक असं करत करत पत्र्याच्या तुकड्यावर सात वेळा मारून बघितलं, दरवेळी बाहेर उन्हात नेऊन. सातवा जमला. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कुठल्याही बिलात नव्हते.

नुसता उन्हाने उडालेला रंग, छतावरचा सोललेला क्लिअर कोट, हे विम्यात बसत नाही. ती झीज आहे, अपघात नाही. दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी बोनेटवर हात फिरवत विचारतंच, झाड पडलं असं लिहायचं का? खरोखर झाड पडलं, गारा पडल्या, तर ते पॉलिसीत आहे. ऊन पडलं ते नाही.

छोट्या ओरखड्याचा दावा करावा का, हेही इथेच सांगतो, कारण नव्या गाडीवाल्याचा हात पहिल्या ओरखड्यालाच फोनकडे जातो. समजा बोनस 35 टक्क्यांवर आहे. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी 45, मग 50, आणि 50 वरच राहतो. दावा केला तर शून्य, मग 20, 25, 35, 45. फरक बघा: पहिल्या वर्षी 45 टक्के, मग 30, 25, 15, 5. एकूण 120 टक्के. बोनस लागण्याआधीचा हप्ता सरासरी 8,000 धरला तर पाच वर्षांत 9,600 रुपये आणि वर जीएसटी. बंपरच्या कोपऱ्याचं रंगकाम पाच हजारांत होत असेल तर खिशातून करा आणि विसरा. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट निराळी.

रंग आवडला नाही म्हणून पुढे बदलायचा विचार असेल तर जरा थांबा. आरसीवर रंग लिहिलेला असतो. अख्खी गाडी दुसऱ्या रंगाची केली तर आरटीओत अर्ज करून आरसीवर बदल करून घ्यायचा, कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र जोडायचं आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर शेरा मारून घ्यायचा. हप्ता वाढत नाही, पण कागद जुळतात. न जुळल्याचा त्रास चोरीच्या वेळी होतो. एका गृहस्थाने पांढऱ्या गाडीवर मॅट काळं रॅप, म्हणजे चिकटवायची फिल्म, चढवलं होतं. गाडी चोरीला गेली, एफआयआरमध्ये रंग काळा, आरसीवर पांढरा. दावा बुडाला नाही, पण खुलासे, रॅपचं बिल, जुने फोटो, पोलिसांचं दुरुस्ती पत्र यात चार महिने गेले. रॅपचे 60,000 तर मिळालेच नाहीत, कारण ते जादा साहित्य म्हणून पॉलिसीत कधी दाखवलेलंच नव्हतं. सिरॅमिक कोटिंगचंही तेच. आणि लष्करी हिरवा रंग हौस म्हणूनही देऊ नका. संरक्षण खात्याशिवाय कुणाच्या गाडीला तो चालत नाही, तसा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे.

विमा कंपनीसाठी गाडी म्हणजे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, हे मला नीट कळलं 23 सप्टेंबर 2023 ला. रात्रीत पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने दोन्ही काठ सोडले. अंबाझरी लेआउटमध्ये तिसऱ्या दिवशी सर्व्हेला गेलो तेव्हा रांगेत उभ्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होत्या, वाळलेल्या गाळाच्या. काहींच्या पुढच्या नंबर प्लेटी वाहून गेलेल्या. एक ताई आपली गाडी दाखवत होत्या आणि त्यांनाच खात्री नव्हती. ओल्या फडक्याने चेसिस नंबर पुसला, तेव्हा कळलं की त्यांची शेजारची. पुराचं नुकसान साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही असतं. पण पाण्यात बुडालेली गाडी चालू होते का म्हणून ज्यांनी स्टार्टर मारला, त्यांची इंजिनं आत वाकली, आणि इंजिन प्रोटेक्ट नसलेल्यांना तो खर्च मिळाला नाही. तुमच्या कोटेशनमध्ये हे ॲड-ऑन नाही, झिरो डेप आहे. जोडरंगी छतासाठी तुम्ही 286 रुपये देताय, तर यासाठीही जादा पैसे देऊन हे घ्या. तुमच्या भागातून नाला किती लांब आहे ते तुम्हाला माहीतच असेल.

तर आज करायचं काम: शोरूमच्या कोटेशनवर डिस्काउंट वाढवून मागा, जुनी गाडी असेल तर बोनसचं पत्र काढा, इंजिन प्रोटेक्टचा दर विचारा. गाडी ताब्यात आली की रंगाच्या कोडचं लेबल शोधून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, बहुतेक गाड्यांत ते दरवाजाच्या खांबावर किंवा बोनेटखाली असतं. पुढे कधी पेंटरकडे जाल तेव्हा निम्मा वाद तिथेच मिटेल.

मामाजींचा दुसरा मुद्दा, पोलीस लाल गाडी आधी अडवतात, हा माझ्या खात्यातला नाही. मी पंधरा वर्षं पांढरीच गाडी चालवतो. मागच्या महिन्यात व्हेरायटी चौकात अडवली. पीयूसी संपलं होतं.